नळातलं ते काळं गोल

मावशीच्या दुकानात येणाऱ्या माणसाला आपल्याला नेमकं काय हवंय हे सांगताच येत नसे. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. तुम्हीच सांगा, नळाच्या पोटात जी काळी रबरी चकती बसवतात तिला काय म्हणतात? नाही ना आठवत? मग हसू नका, पुढे ऐका.

गिऱ्हाईक यायचं, काउंटरवर कोपर टेकायचं आणि सुरू व्हायचं, "मावशी, ते हे द्या ना. ते नाही का, नळात असतं, काळं, गोल." सोबत हवेत दोन बोटांची चिमूट. मावशी मागे वळायची, खणांनी भरलेल्या भिंतीतला एक खण ओढायची आणि चकती काउंटरवर टाकायची. तीच असायची. दर वेळी तीच असायची. "अर्धा शब्द तुम्ही बोला, उरलेला मी बोलते," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, आणि ऐकवताना चेहरा असा करायची, जणू नळाचा शोध तिनेच लावलाय. बढाईखोर होती, नाही कशाला म्हणू? पण बढाई मारावी असं तिच्यापाशी काहीतरी होतं, हेही कबूल करायला हवं.

नवरा गेल्यापासून हार्डवेअरचं ते दुकान तिने एकटीने ओढलं होतं. खाली दुकान, आतून लाकडी जिना, वर तीन खोल्या. वर ती आणि सून राहायच्या. मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा उगवायचा. दुकानाच्या कागदावर मात्र नावं दोन होती, एक मावशीचं आणि एक तिच्या धाकट्या दिराचं. दिराचा धंदा वेगळा, तो दुकानाकडे फिरकायचाही नाही. त्यामुळे दुकान आपलंच, असं मावशी धरून चालली होती.

मग ती साथ आली.

सगळ्या गल्लीची शटरं एका दिवसात खाली आली. औषधाचं दुकान उघडं, दुधाचं उघडं, बाकी सगळं बंद. नळ, कड्या, बिजागऱ्या म्हणे जीवनावश्यक नाहीत! मावशीने ते ऐकलं आणि तिचं डोकंच फिरलं. "ज्याच्या संडासातला नळ बंद होत नाही ना, त्याला जाऊन विचारा काय जीवनावश्यक असतं ते," ती खिडकीतून पोलिसाला म्हणाली. पोलीस मास्कच्या आत हसला की नाही ते कळलं नाही, पण शटर काही त्याने उघडू दिलं नाही. घरपोच द्यायचं तर द्या, एवढं मात्र सांगून गेला.

त्यातच दिराचा फोन आला.

"वहिनी, बरं चाललंय ना?"

"मला काय धाड भरलीय? बोला भाऊजी."

भाऊजींनी थोडे आढेवेढे घेतले आणि मग एका दमात सांगून टाकलं. शेजारचा औषधवाला दुकान मागत होता. साथीत त्याचा धंदा जोरात, त्याला मधली भिंत पाडून दुप्पट जागा करायची होती. भाऊजींचा स्वतःचा गाड्या भाड्याने द्यायचा धंदा ठप्प झाला होता, घर चालवायचं कसं या काळजीने त्यांना झोप येत नव्हती. "तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला," ते म्हणाले. "तुमचा वाटा तुम्हाला मिळेल. पण बंद दुकान छातीशी धरून काय करणार आहोत आपण?"

"बंद? कोण म्हणतं बंद?"

"शटर म्हणतं, वहिनी."

हे मावशीला चांगलंच झोंबलं. "ठीक आहे," ती तिरमिरीत बोलून गेली. "ज्या दिवशी दुकानं उघडतील त्या दिवशी या. दुकान आपल्या पायावर उभं दिसलं नाही, तर तुम्ही सांगाल तिथे सही करते. शब्द आहे माझा."

फोन ठेवला आणि ती भानावर आली. हे काय बोलून बसलो आपण! दुकान गेलं तर ती काय, वर तीन खोल्यांत बसून खिडकी पुसणार? खाली काउंटरमागे ती मावशी होती, सगळ्या वस्तीची मावशी. वर ती नुसती एक म्हातारी होत चाललेली बाई होती. हे तिने सुनेला जसंच्या तसं सांगितलं. सून मग तिच्याजवळ बसून राहिली.

पण हार मानेल ती मावशी कसली! फोन आहे ना? तिने शटरवर खडूने भला मोठा नंबर लिहिला: फोन करा, घरी पाठवते. दूधवाल्याला गाठलं. त्याची गाडी रोज सकाळी घरोघरी जायचीच, दुधाबरोबर पुड्या न्यायला तो तयार झाला.

पहिला फोन बेकरीवाल्याचा. पाव लागतात म्हणून त्याची भट्टी चालू, पण पाण्याच्या पाइपाला गळती लागलेली. "मावशी, ते कडं असतं बघा, पाइपाच्या तोंडाशी. माझं मधलं बोट जाईल एवढं."

"कळलं. ठेव फोन," मावशी म्हणाली. खण उघडला, एकेका कड्यात स्वतःचं मधलं बोट घालून पाहिलं, नेमकं बसलं ते निवडलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याचा फोन. आवाज रडकुंडीला आलेला. "मावशी, यात माझी करंगळीपण धड गेली नाही. गेली ती अडकली. तेल लावलं, साबण लावला, निघत नाही हो!"

आयुष्यभर कणीक तिंबून त्याची बोटं केवढाली झाली होती, हे मावशीच्या ध्यानातच आलं नाही. कसं येणार? समोर असता तर एका नजरेत दिसलं असतं. आणि हे एकदाच झालं असतं तर चाललं असतं. कुणी "चांगलं लांब" म्हणे, कुणी "बेताचं" म्हणे, कुणी "मागच्या वेळी दिलंत तेच" म्हणून फोन ठेवून देई. मावशी पाठवी ते चुके. दूधवाला जेवढ्या पुड्या न्यायचा तेवढ्याच परत आणू लागला आणि एक दिवस म्हणाला, "मावशी, मी दूध विकू का तुमच्या बिजागऱ्या फिरवू?"

त्या दुपारी मावशी अंधाऱ्या दुकानात काउंटरमागे नुसती बसून राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण माणसांचं ऐकतो. ऐकत कुठली! ती बोटं बघत होती. बोटं गेली आणि तिचं सगळं शहाणपण त्यांच्याबरोबर गेलं. तिची चांगलीच जिरली होती, आणि जिरलीय हे तिला कळतही होतं.

सून खाली आली. ही पोर पर्यटनाच्या एका कंपनीत कामाला होती. लोकांनी घरी बसल्या फोनवर हॉटेलं धरायची, तिकिटं काढायची, त्या सगळ्या कारभाराची देखभाल तिच्याकडे असायची. साथ आली, फिरायला कोण जातंय? कंपनीने गाशा गुंडाळला. तेव्हापासून तिचे हात नुसते शिवशिवत होते. याआधी दोनदा तिने विषय काढला होता, आणि दोन्ही वेळा मावशीने "नळातलं काळं गोल म्हणजे काय विमानाचं तिकीट आहे?" म्हणून तिला उडवून लावलं होतं.

"आई, दुकान फोनवर मांडू का?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"मांड बाई," मावशी म्हणाली. "आता आणखी काय बिघडायचं राहिलंय?"

पोरगी कामाला लागली ती अशी की जेवायला हाका माराव्या लागायच्या. एकेक खण उपसायचा, वस्तू पांढऱ्या चादरीवर ठेवायची, फोटो काढायचा, खोक्यावर छापलेलं नाव खाली टंकायचं. पैसे भरायचे तेही फोनवरूनच. मावशीला ते काही पटेना. "हातात न येणारे पैसे खरे कशावरून?" असं ती विचारायची. सुनेने तिला बँकेचा मेसेज दाखवला, तो तिने चष्मा लावून वाचला आणि मान हलवली.

दुकान तयार झालं. सुनेने ओळखीच्या सगळ्यांना त्याची लिंक पाठवली. दोघी चहा घेऊन फोनसमोर बसल्या.

काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी सुनेचा चेहरा पार उतरला. "लोक येतायत, आई. येतात, शोधतात आणि तसेच निघून जातात. का जातात तेच कळत नाही."

"आण इकडे तो फोन," मावशी म्हणाली. "मी होते गिऱ्हाईक. बघते कशी जाते."

तिने एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत लिहिलं: काळं गोल. आणि शोधा म्हणून दाबलं.

फोन म्हणाला: काही सापडले नाही.

मावशीने चष्मा पुसला. लिहिलं: नळ टपटप. काही सापडले नाही. लिहिलं: दाराची कुयकुय. काही सापडले नाही.

"काय म्हणतो हा?" मावशी उभीच राहिली. "सापडले नाही? माझ्या दुकानात, माझ्याच काळ्या गोलाला हा नाही म्हणतो? डबे भरून पडलेत खाली! कुणी बसवलाय हा इथे?"

"आई, तो कोणी माणूस नाही हो…"

"कोणी असो! गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा माणूस मी दुकानात ठेवत नाही. काढून टाक त्याला!"

सून हसत सुटली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणि हसता हसता एकदम थांबली.

"आई, या चकतीला तुम्ही काय म्हणता?"

"सांगितलं ना, काळं गोल."

"खोक्यावर काय लिहिलंय माहितीय?"

"मला काय करायचंय खोक्याशी? खोकं कधी येतं का विकत घ्यायला?"

"तेच म्हणतेय मी!" सुनेने टाळीच वाजवली. "मी दुकान मांडलं खोक्यांच्या भाषेत, आणि लोक शोधतायत तुमच्या भाषेत. आई, बसा इथे. मी फोटो दाखवते, तुम्ही फक्त सांगा, लोक हे कसं मागतात."

मग काय विचारता! मावशी पदर खोचून बसली, आणि जे सुटली ते थांबेचना. दाराची कुयकुय. कडीचं घर. खिडकीचा हात. टाकीतला फुगा. भिंतीतलं बूच. दारामागचं टेकण. एकेका वस्तूला चार चार नावं. सून टंकत होती आणि खिदळत होती.

"ही खोक्यावरची नावं काढून टाकू का मग?"

"अजिबात नको," मावशी म्हणाली. "प्लंबर लोकांना ती लागतात. राहू दे खाली बारीक अक्षरात. सगळ्यांचीच सोय झाली पाहिजे."

मापाचा घोळ मात्र अजून तसाच होता. फोटोत सगळंच सारखं दिसायचं, बारीक खिळा आणि जाडा खिळा जुळे भाऊ वाटायचे. सून म्हणाली, शेजारी बोट ठेवून फोटो काढू. मावशी उसळली, "बोटाचं नाव काढू नकोस! त्या बेकरीवाल्याची करंगळी कापायची वेळ आली होती. माणसांची बोटं सारखी नसतात." आणि बोलता बोलता तिची नजर शेगडीशेजारी पडलेल्या काडेपेटीवर गेली. "काड्या मात्र सारख्या असतात, नाही का गं?"

सगळे फोटो पुन्हा काढले. प्रत्येक वस्तूशेजारी एक काडी. आणि सुनेने त्याच्या जोडीला आणखी एक युक्ती केली. पानावर मोठ्ठं बटण टाकलं: 'सांगता येत नसेल तर दाखवा.' मोडलेली वस्तू घ्यायची, शेजारी काडी ठेवायची आणि फोनवर छोटीशी चित्रफीत काढून पाठवून द्यायची.

सगळ्यात आधी बेकरीवाल्याने पाठवली. भट्टीशेजारी त्याचा तो केवढाला पंजा, त्यात गळकं कडं, कड्यावर काडी, आणि मागून आवाज, "मावशी, हे बघा, हे हे!"

मावशीने फोन दोन्ही हातांत धरला. "बोटं आली," ती म्हणाली. "अगं, बोटं आली की परत!" तिला एवढा आनंद झाला होता की ती सुनेच्या पाठीवर थापा मारत सुटली. कडं गेलं ते फिट्ट बसलं.

तिथून जे सुरू झालं त्याने दोघींना दम खाऊ दिला नाही. बेकरीवाल्याने पावाच्या गिऱ्हाइकांना सांगितलं, त्यांनी भावाबहिणींना, आणि कुठल्या कुठल्या वस्त्यांतून लोक 'टपटप' आणि 'कुयकुय' लिहून दुकानात शिरू लागले. शिवाय येताना आपापली नावं घेऊन येऊ लागले. एका बाईने लिहिलं, संडासाच्या टाकीतल्या त्या झडपेला आमच्याकडे बेडूक म्हणतात, तुमच्याकडे बेडूक नाही हे बघून वाईट वाटलं. मावशी म्हणाली, "वाईट कशाला वाटून घ्यायचं? घाल गं बेडूक!" बेडूक घातला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच नावाने मागणीही आली. इतके लोक झडपेला बेडूक म्हणत असतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

गल्लीतल्या बाकीच्या दुकानदारांच्याही कानावर गेलंच. चष्मेवाला आला, दारात लांब उभा राहून विचारू लागला. मग चपलांचा आला, मग वह्यापुस्तकांचा. साथीच्या आधी यांच्यातल्या एकाला जरी कुणी म्हटलं असतं की दुकान फोनवर मांड, तर त्याने हात जोडले असते. आता सगळे कान देऊन ऐकत होते. सून त्यांना कसं करायचं ते दाखवायची आणि मावशी मागून भाषण द्यायची, "एक लक्षात ठेवा, गिऱ्हाइकाला 'सापडले नाही' असं कधी म्हणू द्यायचं नाही फोनला!" चपलांच्या दुकानदाराने तर 'टाचेला लागत नाही ती' असा एक खणच उघडला, आणि त्याचं बरं चाललं.

एवढं सगळं खरं, पण मावशीच्या पोटात भीती होतीच. भाऊजींना तिने फोनवर सगळं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "वहिनी, कौतुक आहे. पण लोक घरात कोंडलेत म्हणून हे चाललंय. दुकानं उघडली की हे खूळ संपलं. मग काउंटरवर कोण येतंय ते बघू." आणि खोटं कशाला बोला, मावशीलाही मनातून तसंच वाटत होतं.

दुकानं उघडायचा दिवस उजाडला. फोनवर खपणारा माल दोघींनी आदल्या रात्रीच वर हलवला होता. मावशीने ठेवणीतले कपडे घातले, काउंटर तीनदा पुसला. "तुझं ते फोनचं तू वरच बघ," तिने सुनेला सांगितलं. "आज माझ्याकडे माणसं येणार. मला मध्ये हाका मारायच्या नाहीत." आणि दोन्ही हातांनी शटर वर ढकललं.

गल्लीत गर्दी होती. सगळी गर्दी न्हाव्याकडे! इतक्या दिवसांच्या जटा घेऊन पुरुषमंडळी रांगेत उभी होती. मावशी काउंटरवर हात ठेवून बसली. तास गेला. एक माणूस आत आला, तिचा जीव हरखला. "मावशी, न्हाव्याची रांग कुठे संपते हो?" त्याने विचारलं. आणखी तास गेला. कुणी नाही. नळ सोडा, दार सोडा, कुणाचं काहीच बिघडलं नव्हतं जणू. मावशीने काउंटर चौथ्यांदा पुसला.

बाहेर मालाची गाडी येऊन थांबली. भाऊजी उतरले, मागोमाग औषधवाला, हातात मापाची टेप. भाऊजींनी रिकामं दुकान पाहिलं आणि मान खाली घातली. आनंद त्यांनाही झाला नव्हता, ते दिसतच होतं.

"वहिनी, गाडी घेऊनच आलो. माल गोदामात हलवता येईल म्हणून."

"आलात ते बरं केलंत," मावशी म्हणाली. औषधवाला भिंतीला टेप लावू लागला. ती टेप आपल्याच अंगावरून फिरतेय असं तिला वाटलं. भाऊजींनी कागद काउंटरवर ठेवले. शब्द दिला होता. तिने पेन हातात घेतलं.

तेवढ्यात वरून धडाधड काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ सुनेची हाक, "आई! आई, वर या हो! माझ्याच्याने आवरत नाही!"

पेन तिथेच टाकून मावशी जिन्याकडे धावली. मागून भाऊजी, त्यांच्या मागून औषधवाला. जिन्याच्या वरच्या पायरीवर तिघेही अडकले, कारण पुढे पाय ठेवायला जागा नव्हती. खाटेवर पुड्या, खुर्चीवर पुड्या, ओट्यावर पुड्या, आणि मधोमध कोसळलेल्या खोक्यांच्या ढिगात सून बसलेली. केसांना पॅकिंगची टेप चिकटलेली, तोंडात एक कात्री.

"अगं, हे काय?"

सुनेने कात्री काढली. "सकाळपासून मागण्या थांबतच नाहीयेत! दुरुस्तीवाल्यांना आजपासून लोकांच्या घरात जायला परवानगी मिळाली ना! सगळ्यांचे इतक्या दिवसांचे तुंबलेले नळ आजच उघडले गेलेत. प्लंबर समोर बसलेला असतो, काडी ठेवतात, फोटो काढतात, पाठवतात. तुम्ही म्हणालात हाका मारू नको, म्हणून मी एकटीच बांधत बसले. मागच्या खिडकीतून पुड्या सोडून दूधवाल्याची गाडी भरून दिली, आता तो म्हणतोय माझ्याच्याने होणार नाही."

"पण… खाली तर कोणी नाही," भाऊजी म्हणाले.

"कशाला येतील काका? न्हावी घरी येऊन केस कापत नाही म्हणून लोक रांगेत उभे आहेत. फुगा घरी येतोय, त्याच्यासाठी कोण रांग लावणार? हा बघा ना, आत्ताचा, टाकीतला फुगा…" तिने पत्ता वाचायला घेतला, आणि वाचता वाचता भाऊजींकडे पाहिलं. पुन्हा पत्त्याकडे पाहिलं. "काका, हे तर तुमचंच घर."

भाऊजींनी पुडी हातात घेतली, नाव वाचलं आणि तडक फोन लावला. बायकोचा आवाज पलीकडून एवढा मोठा आला की सगळ्यांनाच ऐकू गेला. "हो, मीच मागवला! टाकी वाहतेय आठवडाभर, तुम्हाला सांगून थकले! कुठून म्हणजे? जाऊबाईंकडून! ही काय पहिली वेळ आहे? न्हाणीघराची कडी शेजारणीच्या नावावर मागवली ती तिथलीच, स्वयंपाकघरातली कुयकुय थांबली तीही तशीच, त्यांच्यामुळे. तुम्ही म्हणत होतात त्या दुकानात काही दम नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही!"

औषधवाला तोंड फिरवून हसला. मग त्याने आपली टेप गुंडाळली आणि खिशात टाकली. "भिंत राहू दे," तो म्हणाला. "त्यापेक्षा मावशी, माझंही दुकान असं मांडून द्याल का? माझ्याकडेही सगळे येऊन 'ती गुलाबी गोळी द्या' असंच म्हणतात."

"खबरदार!" मावशी कडाडली. "गोळ्यांचं असलं काही करशील तर माणसं मारशील! तुझं खोक्यांच्या भाषेतच चालू दे बाबा, आणि डॉक्टरची चिठ्ठी बघितल्याशिवाय पुडी बांधू नकोस."

भाऊजी मात्र हसले नव्हते. ते त्या ढिगाकडे बघत उभे होते. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "मी चुकलो. तुम्ही दुकान उभं केलंत आणि मी गाडी आणली ती ते रिकामं करायला."

मावशीचे डोळे भरून आले होते. आपण जिंकलो, दुकान आपलं राहिलं, हे तिला मोठ्याने ओरडून सगळ्या गल्लीला सांगावंसं वाटत होतं. पण समोर दीर खाली मान घालून उभा, आणि त्याच्या घरात किती दिवस कमाई नाही हेही तिला ठाऊक होतं. तिने नाक पुसलं.

"भाऊजी, गाडीत किती पुड्या मावतील?"

"या सगळ्या," ते म्हणाले, "आणि वर जागा उरेल."

"मग बघत काय राहिलात? दुकानाच्या कागदावर तुमचंही नाव आहे ना? उचला. आणि रोज यायचं, आजच्यासारखं उशिरा नाही."

मग जिन्यावर हातोहात माल उतरू लागला. सून वरून, भाऊजी मधून, औषधवाला खालून, आणि मावशी सगळ्यांना ओरडत. न्हाव्याच्या रांगेतले लोक माना वळवून बघू लागले, दोघे तिघे आपला नंबर सोडून हात लावायला आले. गाडी गच्च भरली. मागचं दार लावताना भाऊजींच्या हातात एकच पुडी उरली होती, त्यांच्याच घरची. त्यांनी खिशाला हात घातला.

"वहिनी, या फुग्याचे पैसे?"

"ठेवा खिशात," मावशी म्हणाली. "तुमच्या बायकोने आधीच भरलेत. फोनवरून."